काउंटरवर जाण्याआधी

राजा, स्पेअरपार्टच्या दुकानात शिरून "पद्मिनीचा पिस्टन आहे का हो?" असं कधी विचारायचं नाही. आहे म्हणेल तो. नसला तरी आहे म्हणेल, पोऱ्याला शेजारच्या दुकानात पिटाळेल, तुला चहा पाजेल आणि चहा संपायच्या आत एक खोका समोर ठेवेल. खोक्यात पिस्टन असेल, पद्मिनीचाही असेल. तुझ्या पद्मिनीचा असेलच असं नाही. आणि चहा घेतल्यावर नाही म्हणायला माणसाला जड जातं, हे त्यालाही ठाऊक असतं.

दुकानदार लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. उलट जुन्या बाजारातले काउंटरवाले भलते जाणते असतात, नग हातात घेताच गाडीची कुंडली मांडतात. पण तू जे सांगशील त्यावरच तो फळीवर हात घालणार. गाडीचं नाव पत्र्यावर लावलेलं असतं. आतल्या इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसतं. तेव्हा जुन्या गाडीचं काम हातात घेतलंस की नाव विसर आणि इंजिनाचं कूळ शोध.

पद्मिनीचंच घे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी फिएट ११०० डिलाइट म्हणून निघायची. १९७२ साली तिची प्रीमिअर प्रेसिडेंट झाली, १९७४ साली पद्मिनी. नावं तीन, इंजिनाचं कूळ एक: १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५. म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे डिलाइटसाठी म्हणून पडून असलेला नग तुझ्या कामाचा निघू शकतो. पण त्याच पद्मिनीच्या अंगात पुढे १३७डी नावाने डिझेल इंजिन आलं, ते इटलीच्या एफएनएमचं. पेट्रोल पद्मिनीशी त्याचं काही नातं नाही. आणि ११८एनई म्हणजे तर कमालच. अंग फिएट १२४चं, इंजिन निसानचं ए१२, ११७१ सीसी. तिचा मालक "फिएटचा नग द्या" म्हणत बाजारभर फिरतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. तोच जर "निसान ए१२" म्हणाला, तर अख्ख्या जगाचा बाजार त्याला उघडा आहे, कारण हेच इंजिन डॅटसन सनीच्या पोटात देशोदेशी फिरलेलं आहे.

अँबॅसेडरचं तसंच. जुन्या गाड्यांत १४८९ सीसीचं बीएमसीचं बी-सिरीज इंजिन. इंग्लंडात मॉरिस, ऑस्टिन, एमजी अशा कितीतरी गाड्यांना त्याच घराण्याची इंजिनं होती. नंतरच्या अँबॅसेडरमध्ये इसुझूचं १८०० सीसी आलं. बॉनेटचा पत्रा तोच, आतला ऐवज निराळा. तुझी मावशी परदेशात असते ना, तिला कधी एखादा नग पाठवायला सांगशील तेव्हा गाडीचं देशी नाव कळवू नकोस. तिकडच्या दुकानात अँबॅसेडर कुणाला ठाऊक नाही, बी-सिरीज म्हटलं की लगेच उमजतं.

हे झालं वेगवेगळ्या नावांखाली एकच इंजिन असण्याचं. याच्या उलटा सापळा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. सीसी एकच, बोअर-स्ट्रोकही एकच, पण इंजिन दोन. मारुती ८००चं पहिलं इंजिन एफ८बी: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण सहा व्हॉल्व्ह. ओम्नीलाही तेच. मग एफ८डी आलं: तेही तीन सिलिंडर, तेही ७९६ सीसी, बोअर-स्ट्रोक तेच ६८.५ आणि ७२. व्हॉल्व्ह मात्र बारा. आल्टोला हे इंजिन आलं आणि ८००च्या पाच गिअरवाल्या मॉडेललाही. आता "मारुती ८००चं हेड गॅस्केट" मागणाऱ्याला दुकानदाराने काय द्यावं? म्हणून विचारताना "सहा व्हॉल्व्ह, कार्बोरेटरवाली" किंवा "बारा व्हॉल्व्ह, पाच गिअर" असं पुरतं सांगायचं.

बुलेट ३५०चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९०. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची जुनी बुलेट असो की इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेली नंतरची यूसीई, दोन्ही ३४६ सीसी. नुसत्या सीसीवर जाऊन पिस्टन उचललास तर गेलास. विलीज जीपचीही तीच कथा. पहिलं गो-डेव्हिल इंजिन, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. नंतरचं हरिकेन, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला आणि इंजिन उंच झालं. सीजे-३बीचं बॉनेट एवढं उंच दिसतं ते या इंजिनामुळेच. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती याच चेहऱ्याची जीप. दोन्हींचा बोअर सव्वातीन इंचाला किंचित कमी, ३ १/८, आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच. शिवाय गो-डेव्हिलमध्येही सुरुवातीच्या इंजिनांना टायमिंग चेन आणि नंतरच्यांना टायमिंग गिअर. तेव्हा टायमिंगचा नग घ्यायचा तर आधी कव्हर उघडायचं, मग बाजारात जायचं.

आता कागदाबद्दल. आरसी बुकात इंजिन नंबर, चासिस नंबर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. हे सगळं वहीत उतरवून घे. वर्ष पाहताना नोंदणीचं नको, उत्पादनाचं पाहा. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी नोंदलेली असते आणि नेमका त्याच वेळी कंपनीने एखादा नग बदललेला असतो. पण आरसी बुकावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडे जुन्या जीपला पेट्रोलचं काढून डिझेल बसवणं ही गावोगावची रीत होती. कुणी मॅटॅडोरचं इंजिन घातलं, कुणी ट्रॅक्टरचं. सगळ्यांनीच ते आरटीओत जाऊन नोंदवलं असं कोण म्हणेल? म्हणून ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाच. तारेचा ब्रश, केरोसीन आणि खडू, एवढ्यावर भागतं. साफ केलेल्या नंबरावर आडवा खडू घास, खोलगट अक्षरं उठून दिसतात. फोटो घेताना बॅटरी समोरून धरू नको, बाजूने धर.

ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे सापडतील. एक ओतकामातच उठलेले, फुगीर. ते कास्टिंग नंबर. दुसरे ठोकलेले, आत गेलेले. इंजिन नंबर हा ठोकलेला असतो. कास्टिंग नंबर घेऊन नग मागायला गेलास तर घोटाळा होतो, कारण एकाच साच्यातून ओतलेल्या भागाला पुढे लेथवर दोन-तीन प्रकारे कापलेलं असू शकतं. कास्टिंग नंबर घराणं सांगतो, माप सांगत नाही. तोही लिहून ठेव, पण पार्ट नंबर म्हणून पुढे करू नको.

पार्ट नंबर खरा मिळतो तो स्पेअर पार्ट कॅटलॉगमध्ये. सर्व्हिस मॅन्युअल वेगळं, हे वेगळं. यात इंजिन सुटं करून हवेत टांगल्यासारखं चित्र असतं आणि प्रत्येक नगाला नंबर. जुन्या पुस्तकांच्या बाजारात, बंद पडलेल्या वर्कशॉपच्या रद्दीत अशी पुस्तकं अजून निघतात. मिळाली की घासाघीस न करता घे. एक लक्षात ठेव: कंपनी नग सुधारते तेव्हा जुना नंबर बंद करून नवा देते, किंवा त्याच्या शेपटीला एखादं अक्षर जोडते. दुकानदार "हा नंबर येत नाही" म्हणाला की लगेच हिरमुसायचं नाही. "याच्या जागी कुठला नंबर आला?" असं विचारायचं.

आता पिस्टनकडे येऊ. जुन्या इंजिनात सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

उतरवलेला पिस्टन केरोसीनमध्ये भिजत घाल. डोक्यावरचा काजळीचा थर लाकडाच्या चिपटीने खरवड, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, त्यावरचं अक्षर स्क्रू-ड्रायव्हर पुसून टाकतो. थर निघाला की तीन गोष्टी दिसतील. एक बाण किंवा खूण, पिस्टनचं तोंड कुठे ठेवायचं ते सांगणारी. दुसरा, बनवणाऱ्याचा छाप. तिसरा, आणि तोच महत्त्वाचा, साइजचा आकडा: एसटीडी, किंवा ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. जीपसारख्या इंची इंजिनात ०१०, ०२०, ०३०, ०४०. बाजारात याला "दहाचा", "वीसचा" म्हणतात, म्हणजे एक इंचाचे हजार भाग करून त्यातले दहा, वीस. एसटीडी असेल तर इंजिनाचा बोअर अजून मूळ मापाचा आहे. ०.५० असेल तर मागे कुणीतरी रिबोअर करून गेलं आहे, आणि तू आता स्टँडर्ड आणलास तर तो सिलिंडरमध्ये खुळखुळेल.

आकडा पुसला गेला असेल तर मोजावं लागतं, आणि मोजण्यातही मेख आहे. पिस्टन डोळ्यांना गोल दिसतो, पण तो गोल नसतो. मुद्दाम जरासा लंबगोल आणि वर निमुळता कापलेला असतो, तापल्यावर फुगून गोल व्हावा म्हणून. माप घ्यायचं ते खालच्या बाजूला, स्कर्टवर, आणि गजनपिनेच्या काटकोनात. गजनपिनेच्या दिशेने मोजलंस तर माप कमी येईल आणि तुला वाटेल पिस्टन झिजला. व्हर्निअर इथे कामाचा नाही. मायक्रोमीटर लागतो. तुझ्याकडे नसेल तर लेथवाल्याकडे असतो, तो दोन मिनिटांत मोजून देतो. सिलिंडर मोजायचा तर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. सगळ्यांत जास्त झीज वरच्या रिंगच्या पट्ट्यात असते. तिथे नख फिरवलंस तर कंगोरा लागेल. कंगोऱ्याच्या वरचा भाग झिजलेलाच नसतो, मूळ माप तिथेच सापडतं.

नवा पिस्टन घेताना व्यासाबरोबर आणखी चार गोष्टी ताड. गजनपिनेची जाडी. गजनपिनेच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, कारण ती मिलिमीटरभर चुकली की कॉम्प्रेशन तरी बिघडतं नाहीतर पिस्टन हेडला आपटतो. डोक्याचा आकार: सपाट, फुगीर की खोलगट. आणि रिंगांच्या खाचा, त्या किती आणि किती रुंद. टू-स्ट्रोक असेल तर खाचेत रिंग अडवणारी बारीक पिन असते. ती कुठे आहे ते पाहा, कारण रिंगचं तोंड पोर्टच्या खिडकीवर आलं तर रिंग अडकून तुटते.

चेतकवाल्यांसाठी इथे एक खास धोंडा ठेवलेला आहे. टू-स्ट्रोक चेतकचा बोअर ५७ आणि स्ट्रोकही ५७, म्हणून १४५.४५ सीसी. कानपूरच्या एलएमएलने जी व्हेस्पा बनवली, तिच्या पीएक्स कुळातल्या दीडशे सीसी इंजिनाचा बोअर ५७.८. आता ५७च्या सिलिंडरला ०.२च्या पायऱ्यांनी चार वेळा वाढवलं की माप कुठे येतं? बरोबर ५७.८वर. मग कुणीतरी हुशारी करतो आणि म्हणतो, ओव्हरसाइज मिळत नाही ना, एलएमएलचा स्टँडर्ड घाल. व्यास जुळला म्हणजे लग्न जमलं असं नाही. खिडक्या, पिनेची जागा आणि उंची जुळते का, हे दोन्ही पिस्टन शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय असला सल्ला ऐकू नको. आणि दुकानात "चेतक" म्हणताना "टू-स्ट्रोक" हा शब्द जोडायचा विसरू नको. पुढे फोर-स्ट्रोक चेतकही निघाली. आता तर विजेवरची चेतक आली आहे, तिच्या मालकाला पिस्टनची चिंताच नाही.

आणि क्रम! आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग सिलिंडर बोअरला द्यायचा. लोक उलटं करतात. लेथवाला म्हणतो "०.५० मध्ये काढतो", काढून देतो, आणि मग कळतं की ०.५० बाजारात नाही, ०.७५ आहे. पुन्हा लेथ, पुन्हा पैसे, आणि सिलिंडरची एक पायरी फुकट गेली. पिस्टन लेथवाल्याच्या हातात दे आणि सांग, याच्या मापाने बोअर कर. प्रत्येक पिस्टन केसाएवढ्या फरकाने वेगळा असतो, चांगला कारागीर त्या पिस्टनचं माप घेऊनच सिलिंडर काढतो. मॅन्युअलमध्ये जो क्लिअरन्स लिहिला असेल तो कागदावर लिहून दे, तोंडी सांगू नको. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा कामात पिढ्या घालवलेले कारागीर आहेत. त्यांच्या हाताखाली अर्धा दिवस उभं राहिलास तरी माझ्या या सगळ्या बडबडीपेक्षा जास्त शिकशील.

रिंग घेतल्यावर ती पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सोड, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ कर आणि तोंडातली फट फीलर गेजने मोज. ढोबळ हिशेब असा की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार हजारांश इंच. पद्मिनीच्या ६८ मिमी बोअरला साधारण ०.२० ते ०.२७ मिमी. फट यापेक्षा कमी असेल तर रिंग तापून अडकते. बरीच जास्त असेल तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, माल चुकीच्या साइजचा आहे.

क्रँकच्या बेअरिंगांमध्ये हिशेब उलटा चालतो. बोअर मोठा होतो म्हणून पिस्टन ओव्हरसाइज. क्रँक घासून बारीक होतो म्हणून बेअरिंग अंडरसाइज. शेलच्या पाठीवर एसटीडी, ०१०, ०२० असं ठोकलेलं असतं, काढताना ते वाचून ठेव. इथेही तोच नियम, बेअरिंग हातात आल्याशिवाय क्रँक ग्राइंडिंगला द्यायचा नाही. जुन्या इंजिनांच्या बेअरिंगचे सगळे साइज एका वेळी बाजारात कधीच नसतात.

बॉल बेअरिंगसाठी तर गाडीच्या दुकानात जायचंच कशाला? कड्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०४ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुण, आतलं भोक २० मिमी. ६२०५ म्हणजे २५. ही पाचाची पट ०४पासून पुढे चालते. त्याखाली ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिमी. नंबराच्या मागे सी३ असेल तर तेही वाचून सांग. त्याचा अर्थ आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त, तापणाऱ्या जागेसाठी. साधं बेअरिंग बसेल, फिरेलही, आणि इंजिन तापलं की आवळेल. तोच नंबर घेऊन नावाजलेल्या कंपनीच्या बेअरिंगच्या दुकानात जा. "जुन्या गाडीचं दुर्मिळ बेअरिंग" म्हणून जे चढ्या भावाने विकतात ते तिथे साध्या फळीवर असतं.

ऑइल सीलचंही तसंच. आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. २०×३५×७ असं त्यावरच उठवलेलं असतं. वाचता आलं नाही तर सील मोजण्यापेक्षा शाफ्ट आणि घर मोज, कारण जुनं सील ताणलेलं असतं. ओठ कुठल्या बाजूला आहे आणि फिरण्याच्या दिशेचा बाण आहे का, तेही पाहा. टू-स्ट्रोकच्या क्रँकला लागणारं सील पेट्रोल सहन करणाऱ्या रबराचं हवं. दुकानदार साधं देतो, कारण तू विचारत नाहीस.

रबराची गोष्ट निघाली म्हणून. जुना, न वापरलेला, मूळ खोक्यातला माल मिळाला की लोक हरखतात. धातूचा नग असेल तर जरूर हरखावं, गंज नाही ना एवढं पाहावं. पण वीस-तीस वर्षं फळीवर पडलेलं सील, डायफ्रॅम किंवा पेट्रोलची नळी कितीही "ओरिजिनल" असली तरी घेऊ नको. वाकवून पाहिलंस की बारीक भेगा दिसतील. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, फुगतं नाहीतर चिकट होतं. कार्बोरेटरचं किट, फ्यूएल पंपाचा डायफ्रॅम, नळी हे सगळं आजचं घे, इथेनॉल चालतं असं विचारून घे. जमलं तर व्हिटॉनचं.

स्पार्क प्लगकडे कुणी लक्ष देत नाही आणि तोच इंजिन खातो. प्लगला दोन मापं: चुडीची लांबी आणि उष्णतेचा नंबर. जुन्या स्कूटरच्या हेडला १२.७ मिमी, म्हणजे अर्ध्या इंचाच्या चुडीचा प्लग लागतो. मोठ्या गाड्यांचा १९ मिमीचा असतो. जाडी दोन्हींची १४ मिमी, म्हणून लांबडा प्लगही बिनतक्रार आत जातो आणि पहिल्याच किकला पिस्टनच्या डोक्याला भेटतो. उष्णतेच्या नंबराची गंमत अशी की एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, आणि बॉशच्या हल्लीच्या नंबरात आकडा वाढला की प्लग गरम. जुन्या मॅन्युअलमध्ये मायकोचा डब्ल्यू१७५ सारखा नंबर दिसेल. ती बॉशची जुनी पद्धत, तिच्यात मोठा आकडा थंडच असायचा. हे माहीत नसलं की माणूस दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावत बसतो. तक्ता पाहूनच बदली नंबर काढ.

चुड्यांवरून आठवलं, जीप आणि अँबॅसेडर इंची, फिएट मेट्रिक. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमीचा, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टशी डोळ्यांना फरक कळत नाही. दोन-तीन आटे छान फिरतो आणि मग अडतो. अडला की थांबायचं. आपल्याकडे अडला की लांब पाना लावायची पद्धत आहे. ब्लॉकची चुडी गेली की बोल्टची किंमत काय होते ते लेथवाला सांगेल. पिच गेज स्वस्त मिळतं, घेऊन ठेव.

हेड गॅस्केट खरेदी करताना जुनं सोबत ने आणि नवं त्यावर ठेवून पाण्याची आणि ऑइलची भोकं एकेक करून पाहा. गॅस्केटचं भोक बोअरपेक्षा मोठं हवं. बोअर वाढवला असेल तर गॅस्केटची कड आत डोकावते, तापून लाल होते आणि इंजिन किल्ली बंद केली तरी चालत राहतं. थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं, ८२ किंवा ८८ असं काहीतरी. फॅन बेल्टवर लांबी असते. टायमिंग चेनच्या कड्या आणि क्लच प्लेटचे दाते मोज. यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त घरी मोजून जा, काउंटरवर उभं राहून आठवत बसू नको.

बाजार. दुचाकीसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत चारचाकीसाठी ऑपेरा हाऊसकडची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. बाहेर जायची वेळ आली तर दिल्लीत दुचाकीसाठी करोल बाग आणि चारचाकीसाठी काश्मिरी गेट, चेन्नईत सुटवलेल्या गाड्यांच्या भागांसाठी पुदुपेट. सकाळी गर्दीत जाऊ नको, गॅरेजवाल्यांची पोरं तेव्हा माल उचलत असतात आणि दुकानदाराला श्वास घ्यायला वेळ नसतो. दुपारी जेवणानंतर जा. नमुना काउंटरवर ठेव, कागद शेजारी ठेव आणि गप्प राहा. जाणता माणूस आधी नमुना उलटापालटा करून पाहतो, मग बोलतो. जो न पाहताच "बसेल, बसेल" म्हणतो त्याचं दुकान सोड.

भाव करण्याआधी एक ठरवून घे: नाही बसला तर परत घेणार का. बिलावर लिहून घे. बिल दोन कारणांनी लागतं. एक हे. दुसरं, जुना ब्लॉक किंवा अख्खं इंजिन घेत असशील तर त्यावर नंबर असतो, आणि तो कुठल्या चोरीच्या गाडीचा नाही हे सिद्ध करायला तुझ्याकडे कागद हवा. ब्लॉक बदललास तर आरटीओत नोंद करून आरसीवर नवा नंबर चढवून घे. हे काम कंटाळवाणं आहे, पण विम्याचा दावा करायची वेळ आली की तोच नंबर पाहिला जातो.

"ओरिजिनल" हा शब्द सगळेच वापरतात, त्यात तीन दर्जे असतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला माल. त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला: गोएट्झेच्या रिंगा, इंडिया पिस्टन्सचे पिस्टन, लुकास-टीव्हीएसची इलेक्ट्रिक कामं अशी ही घराणी. माझ्या मते जुन्या गाडीसाठी हाच माल घ्यावा, दर्जा चांगला आणि भाव कमी. तिसरा लोकल. लोकल सगळाच वाईट नसतो. ब्रॅकेट, पाइप, कव्हर असलं काही लोकल चालतं. फिरणारा, तापणारा आणि दाब सोसणारा नग लोकल घ्यायचा नाही, हा माझा नियम. नकली माल ओळखायचा तर खोक्याकडे पाहू नको, खोकी कुणीही छापतो. नगाच्या कडा पाहा. ओतकामाची शिवण घासलेली आहे का, भोकाच्या तोंडाला बर राहिली आहे का, चारही पिस्टनचं वजन सारखं आहे का. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही हे शेवटचं कळतं.

काम झाल्यावर जुने नग लगेच भंगारवाल्याला देऊ नकोस. इंजिनाचं रनिंग-इन होईपर्यंत ते तेल लावून, प्लास्टिकात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून ठेव: कुठल्या गाडीचा, काय साइज, कधी काढला. वहीतही तेच लिही, नव्या नगाचा नंबर आणि दुकानाच्या नावासकट. उद्या तुझ्या बाबांची स्कूटर उघडशील तेव्हा आधी प्लग काढ, चुडीची लांबी मोज आणि मला फोन कर. मायक्रोमीटर माझ्याकडे आहे, तो घेऊन येतो.